गवत निवडताना आधी हवा बघा



आज आपण गवताविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गवताविषयी काय बोलायचं? निम्मा जन्म गवत खुरपण्यात गेला! खरं आहे. पण आज जे गवत पैसे देऊन लावतात, त्याविषयी बोलायचं आहे. म्हणजे लॉन, हिरवळ.

पुण्याच्या आसपास मुळशी, मावळ, हवेली, खेड, भोर या भागांत फार्महाऊस वाढली, मंगल कार्यालयं वाढली, मोठ्या सोसायट्या झाल्या. तिथं लॉन लावायला आणि राखायला माणसं लागतात. आपल्या बऱ्याच गटांनी ही कामं घेतली आहेत. काम चांगलं आहे. पण त्यात एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो आहोत. तुम्ही पडू नये, म्हणून हे सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, दिवाळी नुकतीच झालेली. मुळशीकडच्या एका फार्महाऊसवर तीन हजार चौरस फूट लॉन करायचं काम आमच्याकडे आलं. मालक बरीच वर्षं परदेशात राहून आलेले. त्यांनी बियाण्याची पाकिटं स्वतःच मागवून ठेवली होती. पाकिटावर सुंदर चित्र होतं. हिरवागार उतार, पांढरं घर, मागं बर्फाचे डोंगर. साहेब म्हणाले, "हेच पेरा. मला अगदी असंच हवं." आम्ही म्हटलं, बियाणं त्यांचं, जमीन त्यांची, आपल्याला काय? जमीन नांगरली, दगड वेचले, शेणखत घातलं, बी फोकलं, वर पातळ माती दिली.

सहाव्या-सातव्या दिवशी कोंब वर आले. आमचा विश्वासच बसेना! संक्रांतीपर्यंत असा गालिचा झाला की पाय ठेवायला जीव होईना. गावातल्या हिरवळी थंडीनं पिवळ्या पडलेल्या आणि आमची मात्र हिरवीकंच. साहेबांनी तिळगूळ पाठवला. आम्ही फोटो काढून सगळीकडे पाठवले. त्या फोटोंवर आणखी दोन कामांची विचारणा आली.

होळी झाली आणि गवताचा रंग उतरायला लागला. आधी कडा पिवळ्या झाल्या, मग मध्येच ठिगळं पडली. आम्हाला वाटलं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. सकाळी देत होतो ते संध्याकाळीही द्यायला लागलो. तसं ते आणखी बसलं, मुळाशी बुळबुळीत झालं. अक्षय तृतीयेला तिथं उघडी माती होती आणि मधूनमधून वाळल्या काड्या.

साहेब म्हणाले, "तुम्ही पाणी घातलं नाही." शेवटचा हप्ता त्यांनी दिला नाही. साडेसहा हजार रुपये होते. बायांची मजुरी थकली, ती आम्ही गटाच्या बचतीतून दिली.

पण पैशापेक्षा वाईट गोष्ट पुढे झाली. पाणी घालण्याचं काम तिथल्याच वाडीवरच्या एका मावशींकडे होतं. आपल्या जोडगटातल्या. सरळ बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "मावशींनी खाडे केले असतील." दुसरी म्हणाली, "उन्हाळ्यात लेकीकडे गेल्या होत्या की दोन दिवस." आणि आम्ही, वही सांभाळणाऱ्या, शिकलेल्या म्हणवणाऱ्या, आम्हीही गप्प बसलो. त्या एवढंच म्हणाल्या, "मी रोज पाणी घातलंय." पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

उलगडा झाला तो जून महिन्यात. आमच्या गटातल्या एका काकूंची सून कृषी पदविका झालेली आहे. उरलेलं अर्धं पाकीट काकूंनी घरी आणून ठेवलं होतं. सुनेनं ते उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "आत्याबाई, हे थंड देशातलं गवत आहे. हे मे महिन्यात जगलं असतं तरच नवल. कुणीही पाणी घातलं असतं तरी ते गेलंच असतं."

मैत्रिणींनो, तिनं जे समजावलं ते आता आम्ही तुम्हाला सांगतो.

लॉनच्या गवतात मुख्य दोन जाती. एक थंड हवेची, एक उष्ण हवेची. हे समजायला आपल्याला पुस्तक नको, शेत पुरे. गहू, बाजरी, ऊस हीसुद्धा गवताच्याच कुळातली पिकं आहेत. गहू आपण कधी पेरतो? थंडीत. मे महिन्यात गहू पेरायला निघालेल्या बाईला घरचे काय म्हणतील? आणि बाजरी, ऊस? त्यांना ऊन मानवतं. उन्हात ती जोमानं वाढतात, थंडीत आखडतात. लॉनच्या गवताचंही अगदी तसंच आहे. थंड हवेचं गवत हे गव्हाच्या स्वभावाचं. उष्ण हवेचं गवत हे बाजरीच्या, उसाच्या स्वभावाचं.

थंड हवेच्या गवताला साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमान आवडतं. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. असं का? आपल्या गटाच्या वहीसारखं बघा. पान उन्हात अन्न तयार करतं, ती जमा. जगण्यासाठी ते अन्न वापरतं, तो खर्च. उष्णता वाढली की थंड हवेच्या गवताची जमा कमी होते आणि खर्च वाढतो. मग ते साठवलेल्या अन्नावर दिवस काढतं, मुळं आखडतात आणि शेवटी खातं रिकामं होतं. त्यात आपण जास्तीचं पाणी घातलं, तर ऊब आणि ओल एकत्र येऊन बुरशी धरते. म्हणजे आम्ही जे औषध समजून दिलं, त्यानंच ते लवकर गेलं.

उष्ण हवेच्या गवताला साधारण २७ ते ३५ अंश मानवतात. थंडी पडली की ते वाढ थांबवतं, जमिनीचं तापमान १० अंशांच्या आसपास आलं की तपकिरी होऊन झोपी जातं. ते मरत नाही, झोपतं. ऊब आली की पुन्हा उठतं.

आता आपलं पुणं बघा. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. पण दुपारी अंगावर स्वेटर राहत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी ३७-३८ अंश, कधी ४०. म्हणजे थंड हवेच्या गवताला आपल्याकडे दोन-तीन महिने माहेरपण, बाकी सासुरवास. आमचं गवत नोव्हेंबरात छान उगवलं, ते याच माहेरपणात.

कुणी विचारेल, महाबळेश्वरला तरी चालेल का? महाबळेश्वर साधारण १,३७० मीटर उंच. थंडीत वेण्णा तलावाकडे दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो पेपरात येतात. पण तिथंही मेमधली दुपार ३० अंशांच्या आसपास जाते, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने धुवांधार पाऊस आणि धुकं. थंडीच्या चार दिवसांवरून गवत निवडायचं नाही. वर्षातला सगळ्यात कठीण महिना कोणता, तो बघून निवडायचं. तमिळनाडूत निलगिरीवर, उटीच्या बाजूला किकुयू नावाचं गवत लॉनसाठी लावतात. ते मूळ पूर्व आफ्रिकेतल्या उंच पठारांवरचं. खरं थंड हवेचं गवत शोभतं ते श्रीनगरला, गुलमर्गला, जिथं हिवाळ्यात बर्फ असतं आणि उन्हाळा मऊ असतो.

पाकिटावरची नावं ओळखता यावीत म्हणून ती सांगतो. लिहून घ्या.

पहिलं, केंटकी ब्लूग्रास. केंटकी हे अमेरिकेतल्या राज्याचं नाव, पण गवत मूळचं युरोप आणि आशियातलं. बर्फ सोसतं, जमिनीखालून धावतं आणि एकमेकांत विणून घट्ट चटई करतं. पण उगवायला दोन ते चार आठवडे घेतं.

दुसरं, रायग्रास. पाच ते दहा दिवसांत उगवतं. पाकिटात बऱ्याचदा दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात, त्यात हे पहिलं वर येतं. आम्हाला सातव्या दिवशी दिसलं ते हेच. हे झुबक्यानं वाढतं, धावत नाही. म्हणून मधला झुबका गेला की टक्कल पडतं. याच्या नावापुढे 'पेरेनियल' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ बारमाही. पण बारमाही कुठं? त्याच्या देशात.

तिसरं, फेस्क्यू. यात बारीक पानाचं असतं, ते सावलीत चालतं. रुंद पानाचं 'टॉल फेस्क्यू' असतं, त्याची मुळं खोल जातात आणि या सगळ्यांत ऊन जास्त तेच सोसतं. चौथं, बेंटग्रास. ते अगदी बारीक कापून गोल्फच्या मैदानावर ठेवतात.

यातलं कुठलंही नाव दिसलं की हात आवरायचा.

आता आपल्याकडे काय लावायचं? तर ज्याला आपण जन्मभर शिव्या दिल्या, ती हरळी! हरळी, म्हणजेच गणपतीच्या २१ जुड्यांची दूर्वा. पिकात आली तर शेतकऱ्याची वैरीण, आणि लॉनमध्ये आली तर त्याच्यासारखं चिवट गवत नाही. नर्सरीत हिच्याच निवडक जाती वेगवेगळ्या नावांनी मिळतात. हिला भरपूर ऊन लागतं, दिवसाचं निदान सहा तास. पायाखाली तुडवली तरी पुन्हा उठते. जिथं पोरं खेळणार, मांडव पडणार, तिथं हीच.

दुसरं, 'कोरियन' किंवा 'मेक्सिकन' म्हणून मिळणारं दाट, गालिच्यासारखं गवत. हे झॉयसिया जातीचं. नाव परदेशी असलं तरी स्वभाव उष्ण हवेचा. सावकाश वाढतं, कापणी कमी लागते, पण भरायला वेळ घेतं. तिसरं, रुंद पानाचं सावलीचं लॉन. इमारतीच्या मागं, झाडाखाली जिथं हरळी विरळ होते, तिथं हे लावायचं. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी भागात नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. तिथं जाऊन पान हातात घेऊन बघा. आणि एकच गोष्ट विचारा, "मे महिन्यात हे कसं दिसतं?"

हरळी लावायची स्वस्त रीतही सांगतो. स्वच्छ हरळी बारीक चिरायची, शेण, माती आणि पाण्यात कालवायची आणि तयार जमिनीवर साधारण दोन सेंटिमीटरचा थर लिंपायचा. सारवल्यासारखं. वर थोडी माती, आणि पाणी. किंवा मुळांसकट कांड्या चार बोटांच्या अंतरानं टोचायच्या. त्याआधी जमिनीला एकदा पाणी देऊन लव्हाळा उगवू द्यायचा आणि गाठींसकट खणून काढायचा. हे टाळलं तर पुढं वर्षभर खुरपत बसावं लागतं. लावणीला सगळ्यात चांगले दिवस जून ते ऑगस्ट. पाऊस आपलं पाणी घालतो.

पाण्यावरून आठवलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फूट लॉन म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्याला एका वेळी पाच मिलिमीटर पाणी दिलं तर ४६५ लिटर झाले. १५ लिटरच्या ३१ बादल्या! ज्या वाडीवर बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन उभ्या असतात, तिथं हा हिशोब आधी करायचा. मालकांना सांगायचं, "लॉन निम्मं करा, बाकी जागेत झाडं लावा." आम्ही आता हे सांगतो. काही जण ऐकतातही.

आणि थंडीत हरळी पिवळी पडली की मालक घाबरतात, तेव्हा काय करायचं? एक कांडी उपटून दाखवायची. पेर टणक आणि मूळ पांढरं असेल, तर ती जिवंत आहे. थंडीत पाणी कमी करायचं, द्यायचं ते सकाळी. कापणी उंच ठेवायची, नत्राचा मारा करायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊब आली की वरचा वाळका थर खरडून काढायचा, खतमाती पसरायची आणि पाणी सुरू करायचं. तीन आठवड्यांत रंग येतो.

एखाद्याला जानेवारीतच हिरवं हवं असेल तर? अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथं हिवाळा सौम्य असतो, तिथं झोपलेल्या हरळीवर थंडीपुरतं रायग्रास पेरतात. उन्हाळा लागला की ते जातं आणि खालची हरळी उठते. म्हणजे थंडीचं गवत पाहुणं म्हणून चालतं, घरधनीण म्हणून नाही. आणि ते पाहुणं आहे, हे मालकांना आधी सांगितलेलं पाहिजे.

आमच्या गटातल्या एका मावशींची लेक न्यू जर्सीला असते. तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडे केंटकी, रायग्रास हेच लावतात. आणि पेरतात कधी माहितीये? तुमच्याकडे गणपती बसतात तेव्हा." तिकडे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हाच पेरणीचा चांगला काळ. कडक ऊन सरलेलं, बर्फाला अवकाश. आणि गणपतीला लागणारी दूर्वा ती कुंडीत लावते, थंडी सुरू झाली की कुंडी उचलून घरात आणते. बाहेर ठेवली तर बर्फात जाईल. बघा, आपण मुळशीत तिच्याकडचं गवत जगवू पाहत होतो आणि ती तिकडे आपली हरळी सांभाळत होती. गवत दोन्हीकडचं चांगलंच आहे. जागा चुकली की ते मरतं, आणि दोष पाणी घालणाऱ्या बाईवर येतो.

जूनमध्ये हे कळल्यावर आम्ही चौघीजणी मुळशीला मावशींच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. आम्ही पाकीट पुढं केलं, सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मावशी, आमचं चुकलं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या घागरींचा हिशोब मला ठाऊक होता. पण तुम्ही पाच-सहा जणी बोलायला लागलात, तर मलाच वाटलं, खरंच कमी पडलं की काय." मैत्रिणींनो, ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. साडेसहा हजार आम्ही दोन कामांत भरून काढले. मावशी बैठकीला यायला मात्र दिवाळी उजाडली.

म्हणून काम घेताना आम्ही आता पाच प्रश्न वहीत लिहूनच घेतो. एक, गवताची जात कोणती, थंड हवेची की उष्ण हवेची? दोन, त्या जागी दिवसाचं ऊन किती तास? तीन, मे महिन्यात पाणी कुठून आणि किती मिळणार? चार, लॉन पायाखाली येणार की नुसतं बघायचं? पाच, बियाणं मालकांनी आणलं तर ते न जगल्याची जबाबदारी कुणाची? पाचव्या प्रश्नाखाली मालकांची सही घ्यायची. बियाण्याचं रिकामं पाकीट फेकायचं नाही, वहीला टाचून ठेवायचं. आणि पाणी घालणाऱ्या बाईनं रोजची तारीख आणि वेळ लिहायची. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर रेघ मारायची. ती रेघ तिच्या बाजूनं बोलेल.

आणि एक सहावी गोष्ट, ती वहीत लिहायची नाही, मनात ठेवायची. काम बिघडलं की आधी पाकीट वाचायचं, माती बघायची, हवा बघायची. बाईकडे बोट सगळ्यात शेवटी.

त्या फार्महाऊसवर आता हरळी आहे. साहेबांनीच पुन्हा बोलावलं. जुलैच्या पावसात आम्ही ती लिंपली, आणि लिंपायला सगळ्यात पुढं मावशी होत्या. या जानेवारीत ती पिवळी पडली तेव्हा साहेबांचा फोन आला. तो मावशींनीच घेतला. म्हणाल्या, "साहेब, झोपलीय ती. होळीला उठंल."

आणि ती उठली.